थ्री नॉट थ्रीचा पहिला दाब

जम्मूच्या डोंगरातल्या त्या गावी आमची कंपनी मार्चअखेर पोहोचली. वरच्या कड्यांवर बर्फ उरलं होतं, खाली नुसता चिखल. गावाचं नाव देत नाही, पलटणीचंही नाही. ही हकीकत ज्यांना बोचली असती ती दोन माणसं आता हयात नाहीत, म्हणून लिहायला बसलो. एरवी पनवेलमध्ये लोक मला एकच प्रश्न विचारतात, "हवालदार, किती उडवले?" मी सांगतो, "डास पुष्कळ."

मी कंपनीचा शस्त्र प्रशिक्षणाचा हवालदार. माझ्या हाताखाली नाईक जनार्दन घरत. जना उलव्याचा, मी पनवेलचा. मधे एक खाडी, पण फौजेत गेल्यावर आम्ही सख्खे शेजारी झालो. जना सहा फुटी, आवाज ढोलासारखा आणि स्वभाव मात्र गरीब. कोणाला ओरडला की संध्याकाळी त्याच्याच शेजारी ताट घेऊन बसायचा. मी त्याला म्हणायचो, "अरे, तू इन्स्ट्रक्टर आहेस की त्याची आत्या?"

गावात गावरक्षकांचा एक गट होता. शेतकरी, मेंढपाळ, एक दुकानदार. रात्रपाळी आणि पहाटपाळी लावून ते गावाच्या वरच्या अंगाला दगडी मोर्च्यात, म्हणजे पहाऱ्याच्या आडोशात बसत. त्यांच्याकडे रायफली होत्या त्या फौजेने कधीच्या मोडीत काढलेल्या. थ्री नॉट थ्री. आमच्या आजोबांच्या पिढीचं हत्यार. लाकूड तेल पिऊन काळं झालेलं, पण नळ्या चांगल्या होत्या. त्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला की काही एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफली येणार, त्या गावरक्षकांना शिकवायच्या. त्याही फौजेने खाली ठेवलेल्याच. आमच्या हातात तोवर त्याच्याही नंतरच्या इन्सास रायफली होत्या. म्हणजे मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला, धाकट्याचे शेजाऱ्याला, तसा प्रकार.

ट्रिगरबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सिनेमात बोट हललं की गोळी सुटते. खऱ्या रायफलीत तसं नसतं. थ्री नॉट थ्रीचा ट्रिगर आधी मऊपणे मागे येतो आणि एका जागी अडतो. अंधारात चालताना उंबरठा पायाला लागावा, तसं बोटाला स्पष्ट कळतं. हा पहिला दाब. तिथे माणूस पाहिजे तेवढा वेळ थांबू शकतो, नको वाटलं तर बोट सैल सोडू शकतो. त्यापुढे जोर लावला की दुसरा दाब, आणि मग गोळी. एसएलआरचा ट्रिगरही आधी थोडा ढिला येतो, पण पुढे जडपणा वाढत जातो आणि नेमका कुठे सुटणार ते सहज उमगत नाही. त्यातून ती रायफल हजारो रिक्रूटांच्या बोटांखालून गेलेली असेल, तर तो जडपणाही झिजून गुळगुळीत होतो. इन्सासचा ट्रिगर रेतीत फावडं ओढल्यासारखा खरखरतो. प्रत्येक रायफलीची अशी खोड असते. वजन लावून ट्रिगर तपासता येतो, नियमात बसतो की नाही ते कळतं. बोटाला काय वाटतं ते मात्र कुठल्या वजनाने मोजता येत नाही.

गावरक्षकांत नूरदीन नावाचा एक वयस्क मेंढपाळ होता. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याची थ्री नॉट थ्री अर्ध्या आयुष्याची सोबतीण. या लोकांची एक रीत होती. अंधारात, धुक्यात कोणाची चाहूल लागली की आधी पहिला दाब घ्यायचा, मग हाक द्यायची, "कौन?" उत्तर येईपर्यंत बोट तिथेच. आमच्या नियमाप्रमाणे ते साफ चूक. नेम पक्का होईपर्यंत बोट ट्रिगरवर जाताच कामा नये. मी चाचाला ते दहा वेळा सांगितलं. तो मान डोलवायचा आणि पुन्हा तसंच करायचा. जित्याची खोड. पण एक गोष्ट कबूल करायला हवी, इतक्या वर्षांत त्या मोर्च्यावरून एकही चुकीची गोळी सुटली नव्हती. लग्नाहून परतणारे, हरवलेली म्हैस शोधणारे, नवरा-बायकोच्या भांडणातून घर सोडून निघालेले, सगळे त्या पहिल्या दाबापुढून सुखरूप घरी गेले होते.

चाचाचा उजवा कोपर एकदा पडून कायमचा आखडला होता. थ्री नॉट थ्रीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढावा लागतो. चाचाला ते करताना रायफल खांद्यावरून उतरवावी लागे आणि तोंड वेडंवाकडं होई. जनाला ते बघवेना. एके दिवशी तो सरळ मेजर साहेबांपुढे उभा राहिला.

"साब, नूरदीनचाचाला एसएलआर द्या. त्यात बोल्ट ओढायला नको. एका गोळीनंतर तो लंगडा पडतो."

"शिकेल?"

"मी शिकवतो, साब."

साहेबांनी हो म्हटलं. मीसुद्धा म्हटलं, बरं झालं. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. आजही मला त्यात चूक दाखवता येत नाही, आणि रागाची जागा सापडत नाही म्हणूनच राग जात नाही.

जनाने चाचाला महिनाभर घासला. नळीवर नाणं ठेवून रिकामी रायफल चालवायला लावायचा. नाणं पडलं की पुन्हा. चाचा कंटाळला की जना स्वतःच्या खिशातली बिडी द्यायचा. बोट बाहेर, सेफ्टी लावलेली, हे तो नमाजासारखं रोज पाच वेळा पाठ करून घ्यायचा. चाचाची कुरकुर एकच होती.

"बेटा, इसमें पता नहीं चलता."

"आदत हो जाएगी, चाचा."

"मेरी उमर में आदत बनती नहीं, सिर्फ छूटती है."

"मग ती जुनी सोडा," जना मराठीत म्हणायचा, आणि दोघं हसायचे. फायरिंगमध्ये चाचा पास झाला. त्याची रायफल आर्मररने, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, वजन लावून तपासली होती, ती नियमात बसत होती.

भाद्रपदात मका डोक्याच्या वर गेला. पलीकडच्या खोऱ्यात दोन अनोळखी माणसं दिसल्याची खबर आली. सकाळच्या गस्तीला जना पाच जवान घेऊन निघाला. परतायची वाट नाल्याच्या कडेने ठरलेली, मोर्च्यावर तसं कळवलेलं. मी कॅम्पात रेडिओवर होतो. उजाडलं होतं, पण धुकं इतकं की समोरचा तंबू दिसेना. तेवढ्यात जनाचा आवाज आला.

"ब्राव्हो टू, ब्राव्हो वन. नाल्याला पाणी फार. मक्यातून वर येतो. ओव्हर."

"ब्राव्हो वन, थांब. मोर्च्याला निरोप जाऊ दे. ओव्हर."

"थांबलो. ओव्हर."

मोर्च्यावर रेडिओ नव्हता. मी एक जवान धावत पाठवला. तो चढणीच्या निम्म्यात असताना गोळीचा आवाज आला. एकच. त्यानंतर काही नाही. मी रेडिओवर जनाला हाक मारत राहिलो.

पुढचं मला त्याच्या मागच्या जवानाने सांगितलं. ते मक्यात बसून होते. कोणाचं तरी पाठीवरचं ओझं मक्याच्या ताटांना घासलं, सळसळ झाली. वरून हाक आली, "कौन?" मागचा जवान दबकला. जना त्याला कुजबुजला, "चाचा हाय. तो थांबतो." आणि उत्तर द्यायला हात वर करून उभा राहिला.

वर मोर्च्यात चाचाच्या बोटाने जुना उंबरठा शोधला. नव्या रायफलीत तो तिथे नव्हता.

जवानांना वाटलं चकमक सुरू झाली. ते शिकवल्याप्रमाणे आडवे झाले आणि जागा धरून राहिले. चाचाने मात्र धुक्यात तो उंच आकार खाली जाताना पाहिला आणि ओळखला. रायफलीसकट तो उतारावरून धावत आला. काही मिनिटं जनाजवळ तो एकटाच होता. आम्ही पोहोचलो तेव्हा जनाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि जना गेलेला होता. चाचा आमच्याकडे बघून म्हणाला, "मुझे मार दो." मेजर साहेबांनी त्याला धरून उठवलं. मी जनाच्या बुटांच्या नाड्या नीट केल्या. का केल्या, कोण जाणे. हाताला काहीतरी काम हवं होतं.

चौकशी झाली. रायफल पुन्हा तपासली, ती पुन्हा नियमात बसली. अपघात, असा निष्कर्ष निघाला. मला विचाराल तर तो बरोबर होता. चाचाने रायफल जमा केली आणि पुन्हा हातात धरली नाही. चौकशीत त्याला विचारलं, "जवान काही बोलला का?" तो म्हणाला, "बोला. पर वो उसकी माँ की अमानत है. उसी को दूँगा." त्याच्यापुढे कोणाचं काही चाललं नाही.

शवपेटी घेऊन उलव्याला मीच आलो. घरी कळवलं होतं, ऑपरेशन ड्यूटीवर असताना गोळी लागून वीरमरण. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. गावाने ते आपल्या परीने समजून घेतलं. घोषणा झाल्या, हार पडले, रस्त्यावर जनाच्या नावाची कमान उभी राहिली. जनाचे वडील तो लहान असतानाच गेलेले, लग्न ठरायचं होतं. घरात आई एकटी उरली. हिराकाकी. तिने त्या गर्दीत माझी बाही धरली.

"बाबा, माजा पोर शेवटाला काय बोलला?"

"काकी, मी जवळ नव्हतो."

"मंग कोन व्हता?"

मी पेटीवरचे हार सारखे करू लागलो. तिने ते लक्षात ठेवलं. मी रजेवर आलो की उलव्याला जायचो, निवृत्त झाल्यावर तर महिन्याकाठी. दर वेळी ती भाकरी वाढायची आणि तेच विचारायची. पोर शेवटी काय बोलला, असं आई विचारते, तिला काय सांगायचं? उत्तर चाचाकडे होतं आणि चाचाला बोलवायचं म्हणजे गोळी कोणाची ते उघड करायचं. त्याचे फोन येत. "मुझे अम्मा के पास ले चलो." मी दोनदा टाळलं. मला काकीच्या काळजाची भीती होती, आणि खरं सांगायचं तर गावाचीही. परमुलखातला एक म्हातारा, नाव नूरदीन, आणि त्याच्या हातून आपला जना गेला, एवढंच लोकांच्या कानावर पडलं असतं. पुढचं ऐकायला कोण थांबलं असतं? पहिला दाब, दुसरा दाब हे भर चौकात कोणाला समजावणार?

मग काकी आजारी पडली. पनवेलच्या दवाखान्यात मी बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "मी आता जास्त दिस नाय. मना कोनी सांगल का तसाच जाऊ?" त्या दिवशी मी बाहेर येऊन चाचाला फोन लावला.

चाचा पनवेल स्टेशनला उतरला तेव्हा मला ओळखूच आला नाही. निम्मा झाला होता. एका पिशवीत अक्रोड आणले होते. रिक्षाने उलव्याला गेलो. रस्त्यात डंपरांची रांग, विमानतळाच्या बाजूने धूळ, चारी दिशांना अर्ध्या बांधलेल्या इमारती. जनाचं जुनं घर विमानतळात गेलं होतं, काकी नव्या प्लॉटवरच्या घरात राहत होती. कमानीखालून जाताना चाचाने विचारलं, "क्या लिखा है?" मी वाचून दाखवलं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि घर येईपर्यंत घातली नाही.

काकी खाटेवर बसली होती. मी म्हटलं, "काकी, जना गेला तेव्हा हे जवळ होते." तिने चाचाकडे नीट पाहिलं. चाचा खाली फरशीवर बसला. खुर्ची दिली तरी घेतली नाही.

"अम्मा, वो गोली मेरी बंदूक की थी."

काकी माझ्याकडे वळली. "काय बोलतंय?"

तिला हिंदी थोडं कळायचं. मला वाटतं तिला कळलं होतं, पण तिला ते आपल्या भाषेत हवं होतं. फौजेत मी बरेच निरोप पोहोचवले, इतका जड एकही नव्हता. मी म्हणालो, "काकी, जनाला लागलेली गोळी यांच्या रायफलीतून सुटली. चुकून. धुकं होतं."

बाहेर कुठेतरी सिमेंटचा मिक्सर फिरत होता. काकीने पदर तोंडावर धरला. रडली नाही. चाचाची मान खाली ती खालीच. मला वाटलं, आता ही म्हणेल चालते व्हा, आणि तिचा तो हक्क होता.

"चुकून मंजे कसा?" ती म्हणाली. "मना नीट सांग."

मी जुनी रायफल, नवी रायफल सांगू लागलो. तिने हात हलवला. "तसा नाय. कवरा दाबला, त्या दाखव." आणि तिने आपला हात चाचापुढे धरला.

चाचा घाबरला. मी म्हटलं, "दिखाओ, चाचा." त्याने तिचं बोट आपल्या चिमटीत घेतलं. हळू दाबलं. "पुरानी में यहाँ रुकती थी." मग किंचित पुढे, जेमतेम कळेल इतकं. "इसमें... बस, इतना."

"एवराच?"

"एवढाच, काकी," मी म्हणालो.

तिने बोट काढून घेतलं आणि त्या बोटाकडेच बघत राहिली. मला ते बघवलं नाही, मी खिडकीकडे तोंड केलं.

"आनि बोलला काय?" तिने विचारलं.

चाचाने पहिल्यांदा मान वर केली. "मैं बंदूक हाथ में लेके ही भागा था, अम्मा. उसका सिर गोद में लिया तो बंदूक उसके पास ही पड़ी थी. उसने देखा. बोला, चाचा, सेफ लगाओ. फिर कुछ नहीं बोला."

"सेफ मंजे?"

मी सांगितलं. "रायफलीचा एक खटका असतो, काकी. तो लावला की गोळी सुटत नाही. आणखी कोणाला लागू नये म्हणून."

"आनि ह्यानं लावला?"

मी चाचाला विचारलं. "लगाया, अम्मा. उसी वक्त लगाया."

काकीने मान हलवली. एकदा, दोनदा. मग तिचे डोळे वाहू लागले, आवाज न करता. इतक्या वर्षांनी मीही रडलो, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

दारात चपला वाजल्या. शेजारचा गजानन म्हात्रे आत डोकावला. गावातला तापट माणूस, कमानीची वर्गणी त्यानेच जमवलेली. त्याने फरशीवरचा दाढीवाला म्हातारा पाहिला, आमचे चेहरे पाहिले.

"काकी, कोन पावनं हायत?"

चाचा उठायला लागला. मला त्याची नजर कळली. विचारेल त्याला तो खरं सांगणार होता. मी काही बोलायच्या आत काकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"जनाचा इद्यार्थी हाय," ती म्हणाली. "लांबून आलाय. जनानं त्याला बंदूक शिकवली."

गजाननचा चेहरा मऊ झाला. त्याने चाचाला हात जोडले आणि उंबऱ्यावरच बसला.

"मंग आपला जना चांगला मास्तर व्हता म्हना की."

"व्हता," काकी म्हणाली. "शेवटपर्यंत शिकवीत व्हता."